अपडेट चालू असताना वीज गेली तर: डीपीकेजी, ॲप्ट आणि कोकणातला पावसाळा

प्रथम तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो. राजापूर तालुक्यातील तुमच्या गावच्या वाचनालयात चार जुने संगणक आहेत आणि चारांवरही उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी त्यांपैकी एकावर ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’, म्हणजे प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या आणून बसवणारी आज्ञा, चालू असताना वीज गेली, आणि तो संगणक इन्व्हर्टरवर नसल्यामुळे जागच्या जागी बंद पडला. आता तो सुरू होतो, वाचकांचे कामही चालते, परंतु कोणतेही नवे पॅकेज (प्रोग्रॅमच्या फाइलींचा गठ्ठा) बसवायला गेले की डीपीकेजीचे (पॅकेजे बसवून त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचे) काम मध्येच तुटले होते असा संदेश येतो, आणि कधी कधी लॉक (एका वेळी एकानेच नोंदीत लिहावे म्हणून लागणारे कुलूप) मिळत नाही अशीही तक्रार येते. एका परिचिताने लॉकच्या फाइल काढून टाकायला सांगितले आहे, दुसऱ्याने सगळे पुसून उबुंटू नव्याने बसवायला. यांतले काय करावे, आणि पुढच्या पावसात हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवावेत. तुमच्या संगणकावर काय अर्धवट राहिले आहे याची नोंद त्याच संगणकावर आहे, आणि ती वाचून काम पुढे नेण्याची सोयही त्यात आहे. (येथे आज्ञा आणि फाइलींचे पत्ते उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, ते इंग्रजी अक्षरांत टाइप करावेत. आज्ञा नेहमी लहान अक्षरांत असतात.)

तुम्ही ग्रंथपाल आहात, त्यामुळे आत काय घडते हे सांगणे सोपे जाईल. वाचनालयात नवी पुस्तके येतात तेव्हा गठ्ठा सोडला म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, त्यावर शिक्का व क्रमांक पडतो, आणि मगच ते कपाटात वाचकांसाठी लागते. उबुंटू ज्या डेबियन या कार्यप्रणालीवर आधारलेले आहे तिच्या पद्धतीच्या पॅकेजचेही असेच दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पॅकेजमधील फाइली उलगडून डिस्कवर आपापल्या जागी ठेवल्या जातात, आणि दुसऱ्या टप्प्यात त्या पॅकेजची मांडणी पूर्ण करणारी छोटी स्क्रिप्ट चालते, जी सेवा सुरू करते, याद्या ताज्या करते, वापरकर्ते निर्माण करते. कोणते पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे हे ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. ही डीपीकेजीची दाखल नोंदवही. वीज गेली तेव्हा तुमच्या काही पॅकेजांचा गठ्ठा सुटला होता आणि शिक्का पडायचा होता. घडले ते एवढेच.

फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर तीच अर्धी राहत नाही का, अशी शंका येणे साहजिक आहे. डीपीकेजी नवी फाइल जुनीवर थेट लिहीत नाही. ती शेजारी ‘.डीपीकेजी-न्यू’ हा प्रत्यय लावून लिहिते, डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री करून घेते आणि मगच नाव बदलून जुनीच्या जागी आणते. त्यामुळे बहुतेक वेळा त्या जागी पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी फाइल सापडते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अपग्रेड इतके रेंगाळते त्याचे एक कारण ही सावधगिरी आहे. कंटाळून बटण दाबून संगणक बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता लॉकविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान येथे होते. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ ही फाइल असणे म्हणजे लॉक लागलेले असणे नव्हे. ती फाइल कायमच असते. लॉक असते ते चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने कर्नलकडून (कार्यप्रणालीच्या गाभ्याकडून) त्या फाइलवर घेतलेले, आणि तो प्रोग्रॅम संपला, किंवा संगणक बंद झाला, की ते आपोआप सुटते. म्हणजे वीज जाऊन आल्यानंतर जुने लॉक उरणे शक्यच नाही. तरीही संदेश येत असेल तर दुसरे कोणीतरी त्या क्षणी खरोखर काम करत असते. बहुधा उबुंटूची रोजची स्वयंचलित अपडेट, जी चुकलेली वेळ भरून काढण्यासाठी संगणक सुरू झाल्यानंतर लवकरच जागी होते. अलीकडच्या आवृत्त्या संदेशातच त्या प्रक्रियेचा क्रमांक आणि नाव सांगतात. अशा वेळी फाइल काढून टाकली तर काम करणाऱ्याच्या हातातले लॉक जुन्या फाइलवर राहते, तुमची आज्ञा नवी फाइल निर्माण करून तिच्यावर दुसरे लॉक घेते, आणि एकाच नोंदवहीत दोन जण एकाच वेळी लिहू लागतात. हा उद्योग मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात घाईघाईने केला होता, आणि दहा मिनिटे थांबण्याऐवजी दोन दिवस निस्तरत बसलो होतो. चहा घेऊन या. तोवर लॉक सुटलेले असते. अर्ध्या तासानेही सुटले नाही तर ‘पीएस ऑक्स’ देऊन ती प्रक्रिया खरोखर हलते आहे का ते पाहावे.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी तो संगणक इन्व्हर्टरच्या प्लगवर न्यावा. नंतर ‘डीएफ -एच’ देऊन डिस्कवर जागा किती आहे ते पाहावे, विशेषतः ‘/बूट’ हा वेगळा विभाग असल्यास तेथील जागा, कारण जुन्या कर्नलांनी तो भरलेला असला तर नवा कर्नल बसताना काम पुन्हा तिथेच अडते आणि दोष मात्र विजेच्या माथी जातो. डिस्क केवळ वाचनासाठी जोडली गेली आहे असा संदेश दिसला तर पॅकेजांचा विचार थांबवून आधी फाइल सिस्टिम तपासून घ्यावी. आजारी डिस्कवर नोंदवही दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

यानंतर ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ द्यावे. ही आज्ञा काहीही बदलत नाही, कोणकोणती पॅकेजे अर्धवट आहेत त्यांची यादी देते. तीच माहिती ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीत प्रत्येक ओळीच्या आरंभीच्या दोन अक्षरांत असते: ‘आयआय’ म्हणजे सर्व ठीक, ‘आययू’ म्हणजे उलगडले पण मांडणी बाकी, ‘आयएफ’ म्हणजे मांडणी मध्येच फसली, ‘आयएच’ म्हणजे बसवणेच अर्धवट राहिले. ‘आरसी’ दिसले तर घाबरू नये; पॅकेज काढले आहे आणि फक्त त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे उरल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. उलगडून पडलेल्या सर्व पॅकेजांची मांडणी ही आज्ञा पूर्ण करते, आणि माझ्या अनुभवात अशा बहुतेक प्रसंगी एवढ्यानेच काम होते. मध्ये एखाद्या सेटिंगच्या फाइलविषयी प्रश्न आला, की तुम्ही बदललेली फाइल ठेवायची की पॅकेजबरोबर आलेली नवी घ्यायची, तर नुसते एन्टर दाबल्यास तुमची जुनीच राहते. संशय असल्यास ‘डी’ दाबून दोन्हींतला फरक पाहता येतो. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्यावे, म्हणजे परस्परावलंबी पॅकेजांतले जे राहिले असेल ते ॲप्ट आणून बसवेल. शेवटी नेहमीप्रमाणे ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘ॲप्ट अपग्रेड’.

डीपीकेजी आणि ॲप्ट या दोन नावांची गफलत नेहमी होते. इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केले आणि डीपीकेजी त्या आरंभीच्या काळातले आहे. ते हातात दिलेले पॅकेज बसवते, नोंद ठेवते आणि एखादे आवश्यक पॅकेज नसेल तर तक्रार करते. ते शोधून आणणे हे त्याचे काम नव्हे. ते काम करणारे ॲप्ट १९९८ मध्ये आले आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ पासून अधिकृत आवृत्तीत समाविष्ट झाले. नुसती ‘ॲप्ट’ ही आज्ञा त्याहून बरीच अलीकडची, २०१४ ची. त्यापूर्वी ‘ॲप्ट-गेट’ व ‘ॲप्ट-कॅश’ अशा वेगळ्या आज्ञा होत्या आणि स्क्रिप्टमध्ये आजही त्याच वापराव्यात. वाचनालयाच्या भाषेत, प्रकाशकाच्या यादीतून पुस्तके ठरवून मागवणारा तो ॲप्ट, आणि आलेल्या पुस्तकाची नोंद करून ते कपाटात लावणारा तो डीपीकेजी. ‘अपडेट’ केवळ यादी ताजी करते, पुस्तक एकही येत नाही. ‘अपग्रेड’ आहे त्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आणते आणि काहीही काढून टाकत नाही. ‘फुल-अपग्रेड’ मात्र गरज भासल्यास काढूनही टाकते, म्हणून तेथे ‘वाय’ दाबण्यापूर्वी काढावयाच्या पॅकेजांची यादी पूर्ण वाचावी. फेडोरा आणि आर्च या दुसऱ्या लिनक्स प्रणालींतील अनुक्रमे डीएनएफ आणि पॅकमन यांच्या आज्ञा वेगळ्या असल्या तरी नोंदवही आणि यादी ही कल्पना तेथेही हीच आहे.

तुमच्या बाबतीत आणखी दोन अडथळे येऊ शकतात. पहिला असा, की एखाद्या पॅकेजच्या फाइलींची यादी असलेल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नाही अशी तक्रार डीपीकेजी करते. वीज नेमकी वाईट क्षणी गेली तर ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ मधील ती एखादी ‘.लिस्ट’ फाइल रिकामी किंवा तुटकी राहते. ती फाइल दुसरीकडे हलवून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रिइन्स्टॉल’ पुढे त्या पॅकेजचे नाव दिले की यादी नव्याने तयार होते. खुद्द स्टेटस फाइलच खराब झाली असेल, आणि हे क्वचित होते, तर तिच्या शेजारची ‘स्टेटस-ओल्ड’ किंवा ‘/व्हार/बॅकअप्स’ मधील ‘डीपीकेजी.स्टेटस.०’ ही प्रत परत ठेवता येते. नव्याने उबुंटू बसवण्याचा विचार यानंतर करावा, यापूर्वी नाही.

दुसरा अडथळा खास आपल्या हवेचा आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, दमट हवेत आणि वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी मरते व कोणाच्या लक्षात येत नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात दीर्घकाळ वीज नव्हती. ती आल्यावर ज्या संगणकांच्या तक्रारी माझ्याकडे आल्या त्यांतील कित्येकांचे घड्याळच मागे पडले होते. घड्याळ मागे असले की ॲप्ट ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही’ असे सांगते, कारण पॅकेजांच्या याद्यांबरोबर येणाऱ्या त्या फाइलवरची तारीख त्याच्या दृष्टीने भविष्यातली असते. लोक मग सर्व्हर बदलतात, इंटरनेटवाल्याशी भांडतात. ‘डेट’ एवढी आज्ञा देऊन तारीख पाहावी, चुकली असल्यास दुरुस्त करावी आणि बॅटरी बदलून टाकावी.

पुढच्या पावसाची तजवीज हा तुमच्या प्रश्नाचा खरा महत्त्वाचा भाग आहे. आपल्याकडे मेअखेर लाकडे, सुकी मासळी, डाळी-कडधान्ये घरात भरून ठेवण्याची रीत आहे, कारण जुलैत बाजार गाठता येईलच याचा भरवसा नसतो. पॅकेजांचे काम याच रीतीने करावे, म्हणजे आणणे आणि बसवणे वेगळे करावे. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ ही आज्ञा सर्व पॅकेजे ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’ मध्ये उतरवून ठेवते आणि एकही बसवत नाही. हे करताना वीज किंवा नेट गेले तरी काही बिघडत नाही. अर्धी उतरलेली फाइल ‘पार्शल’ या उपफोल्डरमध्ये राहते आणि पुढच्या वेळी सहसा तेथूनच पुढे चालू होते. मग इन्व्हर्टर पूर्ण भरलेला आहे, आभाळ शांत आहे अशी सकाळ बघून ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ द्यावे. सर्व काही आधीच घरात असल्यामुळे, एरवी नेटच्या गतीवर दोन तास चालणारे काम बऱ्याच कमी वेळात उरकते, आणि वीज जाण्याची धास्ती तेवढ्याच वेळापुरती राहते.

चार संगणकांसाठी तीच पॅकेजे चार वेळा उतरवण्याचे कारण नाही. त्यांतल्या बऱ्यापैकी एका संगणकावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे पॅकेज बसवावे. ते ३१४२ या पोर्टवर थांबते, पहिल्या संगणकाने मागितलेली पॅकेजे आपल्याजवळ साठवते आणि इतरांना वाचनालयाच्या आतल्या नेटवर्कवरूनच देते. उरलेल्या तिघांच्या ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’ मध्ये त्याचा पत्ता प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून देणारी एक ओळ पुरते. मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या वाचनालयाला हा फरक महिन्याअखेर बिलात दिसतो. एखाद्या शाखेत नेटच नसेल तर ‘ॲप्ट-ऑफलाइन’ वापरावे: तेथील संगणक काय हवे याची चिठ्ठी करून देतो, ती पेनड्राइव्हवर घेऊन राजापूरला यावे, पॅकेजे उतरवून परत न्यावीत.

साठवलेली किंवा साध्या एचटीटीपीवरून आलेली पॅकेजे कोणी वाटेत बदलली तर काय, अशी चिंता यावर काही जण व्यक्त करतात. रिपॉझिटरीच्या, म्हणजे उबुंटूच्या अधिकृत पॅकेज-भांडाराच्या, रिलीज फाइलवर उबुंटूची डिजिटल स्वाक्षरी असते, त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे एसएचए२५६ ठसे (मजकुरावरून काढलेल्या, मजकूर बदलला की बदलणाऱ्या खुणा) असतात, आणि त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. वाटेत एक अक्षर बदलले तरी ॲप्ट पॅकेज नाकारते. तुम्ही काय उतरवता हे वाटेतल्या कोणाला दिसू शकते. बदलता येत नाही. ‘हॅश सम मिसमॅच’ असा संदेश मात्र दर वेळी हल्ल्याचा नसतो. वाटेतल्या एखाद्या प्रॉक्सीने शिळी यादी दिली की तो येतो, आणि ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’ मधील याद्या काढून पुन्हा ‘ॲप्ट अपडेट’ केल्यास सहसा जातो.

हा सगळा विश्वास रिपॉझिटरीपुरता आहे. एखाद्या संकेतस्थळावरची ‘कर्ल’ ने स्क्रिप्ट आणून ती थेट ‘सुडो बॅश’ कडे देणारी ओळ तुम्ही चिकटवता तेव्हा ना स्वाक्षरी तपासली जाते, ना डीपीकेजीच्या वहीत काही चढते. म्हणून पुढे ते काढताही येत नाही. वाचनालयाला ज्याची गरज असते ते बहुतेक सारे मूळ रिपॉझिटरीतच आहे. जुन्या मराठी पुस्तकांची पाने ओळखून मजकूर करण्यासाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’, अक्षरांसाठी ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, ही नावे ‘ॲप्ट सर्च’ ने सापडतात. पायथनची पॅकेजे परस्पर बसवणारे ‘सुडो पिप’ ही टाळावे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मुळातच नकार देते, आणि तो नकार मोडून काढण्याचा पर्याय दिसला तरी वापरू नये.

स्वयंचलित सुरक्षा अपडेट बंद करावी काय, असेही कोणी सुचवेल. मी करत नाही. ती छोट्या टप्प्यांत काम करते, त्यामुळे वीज गेली तरी अर्धवट राहण्याची शक्यता कमी असते. लॅपटॉप बॅटरीवर चालला आहे हे तिला कळते व ती थांबते. तुमच्या डेस्कटॉपला मात्र तो इन्व्हर्टरवर आहे हे कळण्याचा मार्ग नाही, म्हणून वीज गेल्यावर संगणक वेळेत नीट बंद करण्याची शिस्त कर्मचाऱ्यांना लावावी. फायरफॉक्ससारखी काही पॅकेजे उबुंटूत स्नॅप या वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतात, ती ॲप्टच्या कक्षेबाहेर आहेत आणि दिवसातून चार वेळा स्वतःहून तपासणी करतात. डेटा मोजका असेल तर ‘स्नॅप’ च्या सेटिंगमध्ये त्यांची वेळ रात्रीची करून ठेवावी.

तुमचा भाचा मुंबईहून एसएसएचने (दुरून टर्मिनल चालवण्याच्या सोयीने) या संगणकांची देखभाल करतो असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा हे त्याच्यासाठी. लांबून अपग्रेड करताना आधी ‘टीमक्स’ सुरू करावे, म्हणजे गाडीत बसल्यावर बोगद्यात नेट तुटले तरी वाचनालयातले काम चालू राहते आणि नंतर पुन्हा जोडून घेता येते. एका उबुंटूवरून पुढच्या उबुंटूवर जाण्याचे मोठे काम गणपतीला गावी आल्यावर दोन दिवसांत उरकण्याचा मोह चाकरमान्यांना होतो. भाद्रपदात पाऊसही असतो आणि घरही पाहुण्यांनी भरलेले असते; ते काम फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवावे, आणि एका संगणकावर करून आठवडाभर पाहून मग उरलेल्या तिघांवर.

वर सांगितलेल्या क्रमाने जाऊनही एखादे पॅकेज मांडणीच्या टप्प्यावर अडलेच, तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग’ ही फाइल उघडावी. वीज गेली त्या संध्याकाळची तारीख शोधून तिच्यानंतरच्या भागात चूक दाखवणारी पहिली ओळ पाहावी. शेवटची नव्हे, कारण शेवटच्या ओळी बहुधा पहिल्या चुकीचेच पडसाद असतात. ती ओळ, पॅकेजचे नाव आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ चा निकाल एवढे मला कळवलेत तर पुढचे नेमके सांगता येईल.